राष्ट्रीय नेत्याचा वरिष्ठ सहायक म्हणून रुजू होतोय, साहेबांची मर्जी कशी सांभाळावी?

मर्जी सांभाळायला दिल्लीत माणसांची कमी नाही. रांग लागलेली असते. त्यासाठी नाशिकहून कोणी जायची गरज नाही.

तुम्ही नाशिकचे आहात, पुढच्या महिन्यात रुजू होताय, आणि पगार, कामाचे तास, साहेबांचा स्वभाव असं सगळं एका दमात विचारलंय. मी पंचवटीतला. बरीच वर्षं एका मोठ्या नेत्याच्या कार्यालयात काढली. नेता महाराष्ट्रातला नाही, नाव सांगणार नाही. पण तुमचा ‘मर्जी’वाला प्रश्न वाचला आणि आमच्याच कार्यालयातले एक ज्येष्ठ गृहस्थ आठवले. त्यांचं एकच तत्त्व होतं: साहेबांचा मूड बघून बोलायचं. वाईट बातमी रात्री जेवणानंतर सांगायची, जमलं तर दुसऱ्या दिवशी, आणि न सांगता भागत असेल तर उत्तमच.

कांद्याच्या निर्यातबंदीचा काळ होता. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२३ अशी तीनदा बंदी आली. त्यातली कुठली, ते मुद्दाम सांगत नाही. साहेबांचा नाशिक दौरा आधीच ठरलेला. ओझरला उतरायचं, निफाड तालुक्यातल्या एका बाजार आवारात स्टेज, हार, सत्कार, भाषण, मग शहरात पक्षाची बैठक. भाषणाचा मसुदा या ज्येष्ठांचा. त्यात ठसठशीत वाक्य होतं की आठ दिवसांत बंदी उठेल.

मी आदल्या रात्री फोन करत बसलो. माझे मामा निफाडकडचे. ते म्हणाले, ‘अरे, हार कसले आणताय? लिलाव बंद पाडायचं ठरलंय. स्टेजवर चढले तर कांदे येतील अंगावर.’ मग दोन व्यापाऱ्यांना विचारलं, एका आडत्याला विचारलं, एका हमालाला विचारलं. सगळ्यांचं तेच.

अर्ध्या पानाची टिपण लिहिली. बंदीच्या आदल्या दिवशी भाव काय होता आणि काल काय पुकारला गेला. गेटवर कोण अडवेल आणि पहिला प्रश्न काय विचारेल. निर्यातीची अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालय काढतं, म्हणजे वाणिज्य मंत्रालय. नाफेड या सहकारी संस्थेमार्फत होणारी राखीव साठ्याची खरेदी ग्राहक व्यवहार खात्याकडे. कृषी खात्याच्या वाट्याला फक्त शिव्या. आणि शेवटची ओळ: यातलं एकही खातं आपल्याकडे नाही, तारखेचं आश्वासन देऊ नये.

ज्येष्ठांनी टिपण वाचली, घडी घातली, फाइलच्या तळाशी सरकवली. ‘विमानात कशाला? रात्री दाखवू.’ रात्री म्हणजे कार्यक्रम आटोपल्यावर! दुसरी प्रत माझ्या खिशात होती. रस्ता माहीत असलेला म्हणून त्या दिवशी मला साहेबांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं होतं. गाडी विमानतळाच्या गेटातून बाहेर पडली आणि मी मागे वळून कागद हातात दिला. साहेबांनी दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला. ‘ये मुझे अब बता रहे हो?’ एवढंच. मी ज्येष्ठांचं नाव घेतलं नाही. हा मुद्दा ते ज्येष्ठ सोयीस्कर विसरतात.

आवारात पोचल्यावर स्टेजकडे न वळता साहेब सरळ ट्रॅक्टरच्या रांगेत गेले. पंधरा-वीस माणसं आधी अंगावर आल्यासारखी आली, मग थांबली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बंडीच्या खिशातून आदल्या बाजाराची विक्रीची पट्टी काढली. पिवळसर कागद, कार्बनची निळी अक्षरं. वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई, वाराई वजा, आणि खाली पेनानं गोल केलेली रक्कम. ‘ह्याच्यात ट्रॅक्टरचं डिझेलबी निघंना, साहेब.’ साहेबांनी बंदीआधीचा भाव स्वतःहून सांगितला आणि किती पडला ते विचारलं. दिल्लीच्या माणसाला आदल्या भावाचा आकडा माहीत आहे म्हटल्यावर आवाज जरा खाली आला. ‘बंदी कधी उठणार?’ यावर त्यांनी तारीख दिली नाही. माझ्या हातात नाही, पण तुमचं म्हणणं संबंधित मंत्र्यांच्या टेबलावर जाईल, म्हणाले. शिव्या पडल्या, पण कांदे नाही पडले.

आता हिशेब बघा. पहिली बंदी मार्च २०२० मध्ये उठली, दुसरी १ जानेवारी २०२१ ला, तिसरी ४ मे २०२४ ला, तीही किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. तिन्ही वेळा तीन महिन्यांच्या वर. ‘आठ दिवसांत’ बोलून गेले असते तर पुढच्या प्रत्येक नाशिक दौऱ्यात तेच वाक्य तोंडावर मारलं गेलं असतं.

तरी ते गृहस्थ अजून लग्नकार्यात भेटले की म्हणतात, ‘तू त्या दिवशी साहेबांचा दिवस खराब केलास.’ केला! दिवस खराब करायचाच पगार असतो आपल्याला. त्यानंतर मला कित्येक महिने गाडीत घेतलं नाही, ती व्यवस्था कोणी केली हे सगळ्या कार्यालयाला माहीत होतं.

खरं बोलल्याचं बक्षीस मिळतं असं मी म्हणत नाही. पी. एन. हक्सर १९६७ पासून इंदिराबाईंचे सचिव. संजय गांधींच्या मारुती प्रकल्पाबद्दलची नापसंती त्यांनी लपवली नाही. १९७३ ला ते तिथून बाहेर पडले आणि आणीबाणीत त्यांच्या चुलत्यांच्या कॅनॉट प्लेसमधल्या दुकानावर धाड पडली. दुसरं टोक म्हणजे नेहरूंचे खास सहायक एम. ओ. मथाई. नेहरूंच्या दारावर बसून इतकं वजन कमावलं की आरोप झाले आणि १९५९ ला राजीनामा द्यावा लागला. दोघांपैकी कोण व्हायचं ते तुम्ही ठरवा, पण दारवान झालात तर मथाईच्या वाटेनं जाल. आपल्याकडे बघायचं तर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ ला याच नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले. त्यांचे खासगी सचिव राम प्रधान पुढे केंद्रीय गृहसचिव झाले. ती पायरी चढायला मर्जीच्या पलीकडे काही लागतं.

बाकी किरकोळ. अधिवेशनात सकाळी लवकर पोचायचं, कारण लोकसभेत अकराला प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो आणि तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. पूरक प्रश्न कुठून येईल ते तुम्हाला आदल्या रात्रीच सुचलं पाहिजे. माहीत नसेल तर ‘तासाभरात सांगतो’ म्हणायचं, अंदाज ठोकायचा नाही. पत्रकारांशी जेवण करा, बोलू नका. आणि नाशिकचे फोन! रेल्वेचा कोटा, एम्समध्ये बेड, पोराचं ॲडमिशन. केंद्रीय विद्यालयातला खासदारांचा कोटा २०२२ मध्ये बंद झाला, फोन बंद झाले नाहीत. एम्सचा फोन मात्र उचला, रात्री दोनला असला तरी. बाकीच्यांना सकाळी.

हो, एक राहिलं. मी म्हणतोय ते सगळं बंद गाडीत किंवा बंद दाराआड. चारचौघांत साहेबांचं वाक्य दुरुस्त केलंत तर दुसऱ्या दिवशी परतीचं तिकीट काढा, त्यात माझा दोष नाही. शिवाय तो जिल्हा माझा होता, मामा होते. ओडिशात किंवा आसामात मला एवढं कळलं नसतं, तिथे स्थानिक माणसावरच भिस्त ठेवावी लागते. आणि मी राजकीय नेमणुकीवर होतो. तुम्ही सरकारी सेवेतून प्रतिनियुक्तीवर जात असाल तर तुमचे नियम वेगळे, ते तुमच्या मूळ खात्याला विचारा.

पगाराचं म्हणाल तर आकडा नेमणुकीच्या पत्रात असतो, तो माझ्यापेक्षा तुम्हाला आधी कळेल. तारीख बघा मात्र. मंत्र्याकडची अशी नेमणूक बहुतेक त्यांच्या कार्यकाळापुरती असते. मंत्रिपद गेलं की तुमचं टेबलही गेलं, सरकारी घर असेल तर तेही. म्हणून इथलं घर भाड्यानं द्या, विकू नका. आणि स्वेटर तिकडेच घ्या, नाशिकचे दिल्लीत जानेवारीला पुरत नाहीत.