हिवाळाभर मोटरसायकल उभी करण्याआधी

आधी टाकी काठोकाठ भर. रिकाम्या जागेतल्या हवेचा दमटपणा थंडीत पाणी होऊन साचतो आणि टाकी आतून गंजते. पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल पडून खराब होऊ न देणारं रसायन) घालून दहाएक मिनिटं इंजिन चालव, म्हणजे ते कार्बोरेटर किंवा इंजेक्टरपर्यंत पोचेल. नुसतं टाकीत ओतून भागत नाही. मग इंजिन गरम आहे तोवरच ऑइल बदल. जुन्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंग खात बसतं.

बॅटरी काढताना निगेटिव्ह वायर पहिली. साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज असली की १२.६ व्होल्टच्या वर दाखवते. उतरलेली कडाक्याच्या थंडीत गोठून फुटूही शकते, म्हणून महिन्यातून एकदा चार्जरला लाव.

गाडी धुऊन, वाळवून चेनला ल्यूब, टायरमध्ये हवा. हे तुला माहीत असेलच. सायलेन्सर आणि एअर फिल्टरची तोंडं फडक्यानं बंद कर. मी एकदा कंटाळा केला, तर फिल्टरच्या डब्यात उंदरानं माझ्याच सीटचा फोम कुरतडून घरटं केलेलं! फडकी कोंबल्याची चिठ्ठी मात्र हँडलला बांध.

आणि दर रविवारी पाच मिनिटं गाडी सुरू करायचा मोह टाळ. तेवढ्यानं इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचतं.