उंडीच्या तेलापासून बायोडिझेल करताना कॉस्टिक सोड्याऐवजी शिंपल्यांचा चुना चालेल का?

तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून केलेला चुना उत्प्रेरक म्हणून, म्हणजे तेल आणि मिथेनॉलपासून बायोडिझेल व ग्लिसरीन बनण्याची अभिक्रिया वेगाने घडवणारा पदार्थ म्हणून, पुन्हा पुन्हा वापरता येतो, असे तुम्ही ऐकले आहे आणि तो उंडी या झाडाच्या बियांच्या तेलावर चालेल का, असे विचारले आहे. चालेल, मात्र कच्च्या तेलावर तो थेट वापरू नये, असे मी रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून आग्रहाने सांगेन.

शिंपली म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. ती धुऊन, वाळवून, कुटून 850 ते 900 अंश सेल्सिअसला भाजली, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि 100 ग्रॅमचे साधारण 56 ग्रॅम उरतात. वजन त्याहून बरेच जास्त भरले, तर भाजणी अपुरी राहिली असे समजावे. हा चुना हवेतले बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो व निकामी होत जातो, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात तो निवताच हवाबंद बाटलीत भरणे अत्यावश्यक आहे.

खरी अडचण तेलाची आहे. उंडीच्या कच्च्या तेलात राळ आणि मुक्त मेदाम्ले भरपूर असतात. ही आम्ले चुन्याशी संयोग पावून कॅल्शियमचा साबण बनवतात, आणि मग ना चुना हाती लागतो ना ग्लिसरीन नीट वेगळे होते. म्हणून आधी राळ काढावी, नंतर सल्फॉनिक आम्लगट असलेल्या रेझिनसारख्या घन आम्ल उत्प्रेरकावर मिथेनॉलबरोबर मेदाम्लांचे एस्टर करून घ्यावेत, आम्लांक (एक ग्रॅम तेलातली मुक्त आम्ले उदासीन करायला लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे मिलिग्रॅम) 4 च्या खाली आणावा, तेल कोरडे करावे आणि मगच चुना घालावा.

पुनर्वापराचा दावा मात्र तपासूनच स्वीकारावा, कारण थोडे कॅल्शियम मिथेनॉल आणि ग्लिसरीनमध्ये विरघळते. अभिक्रिया अर्ध्यावर असताना चुना गरम गरम गाळून काढा आणि उरलेला द्रव 60 ते 65 अंशांवर ढवळत ठेवा. रूपांतर तरीही वाढत राहिले, तर घन चुन्याबरोबर विरघळलेले कॅल्शियमही काम करत आहे. तसे झाल्यास बायोडिझेलमधून कॅल्शियम काढण्याचा खर्च हिशेबात धरावा लागतो.

फ्रान्समधल्या सेत येथे 2006 मध्ये सुरू झालेल्या कारखान्यात जस्त व ॲल्युमिनियमच्या मिश्र ऑक्साइडचा उत्प्रेरक वापरला गेला. त्याला सुमारे 200 अंश तापमान आणि मोठा दाब लागतो, पण ग्लिसरीन 98 टक्क्यांहून शुद्ध मिळते. घन उत्प्रेरकांचे मोठे आकर्षण मला इथे दिसते, कारण कॉस्टिकच्या पद्धतीत ग्लिसरीनमध्ये क्षार राहतात आणि धुण्याचे सांडपाणीही बरेच निघते.

मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, तेव्हा हा प्रयोग घरी न करता महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच करावा.