'डॉक्टर हू'च्या एकेका एपिसोडचं परीक्षण मराठीत कसं लिहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात राहता, 'डॉक्टर हू' ही बीबीसीची, काळात फिरणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या परग्रहवासीची मालिका बघायला लागलात, एकेका एपिसोडवर मराठीत लिहायचंय. पण मालिका १९६३ सालापासूनची, जुने भाग संथ, सेट पुठ्ठ्याचे. मग नव्या भागांशी त्यांची तुलना कशी करायची आणि दहापैकी गुण किती द्यायचे?

गुण देऊच नका. खासबागेतून कुस्ती बघून आलेला माणूस 'साडेसात' म्हणत नाही. ढाक कुणी लावली, घिस्सा कुठं फसला, पंचांनी कुस्ती उगाच बरोबरीत सोडवली का, हे सांगतो. वाचणाऱ्यालाही तेच हवं असतं.

माझी पद्धत एवढीच, की एपिसोड आधी तो लागला त्या आठवड्यात नेऊन बसवायचा. जुनी मालिका साधारण २५ मिनिटांच्या भागांत यायची आणि एक गोष्ट चार-सहा शनिवार चालायची. सहाही भाग एका बैठकीत संपवले तर गोष्ट रटाळ वाटणारच. १९७५ची 'जेनेसिस ऑफ द डॅलेक्स' घ्या. दुसऱ्या भागाच्या शेवटी डॉक्टरची सोबतीण सारा जेन उंच मचाणावरून सुटते आणि चित्र तिथंच गोठतं. पुढचा भाग लगेच लावला की कळतं, बाई जरा खालच्या फळीवरच पडलीय. आठवडाभर वाट बघितलेल्या पोरांना ती हुरहूर तरी मिळाली होती, हे लिहा. आणि ही फसवणूक आहे, हेही लिहा. पुढं एक राक्षसी शिंपला डॉक्टरचा दुसरा सोबती हॅरी याचा पाय धरतो, त्याला मात्र कुठलाच आठवडा वाचवू शकत नाही. तरी सहाव्या भागात डॉक्टर हातात दोन वायरी घेऊन उभा राहतो. टोकं जुळवली की डॅलेक, म्हणजे डॉक्टरचे कायमचे वैरी, जन्मताच संपतील, पण एक आख्खी जात संपवायचा हक्क आपल्याला आहे का, असं तो विचारतो. तेवढाच तुकडा मोबाइलवर बघितला तर भाषण वाटतं. आधीचे पाच भाग खंदक, विषारी वायू आणि लढणाऱ्या दोन्ही बाजूंचा खुळेपणा सोसून आलात, की ते वजन कळतं.

विज्ञान किती खरं, हे मोजायची आपल्याला सवय आहे. (नारळीकरांचा जन्म कोल्हापुरातला, त्यामुळं आपल्याला ती जरा जास्तच.) इथं ती बाजूला ठेवा. बाहेरून पोलिसांची खोकी आणि आतून वाडा असलेल्या डॉक्टरच्या यानाला भौतिकशास्त्र विचारून काय उपयोग? पहिल्या दहा मिनिटांत गोष्टीनं स्वतः घातलेला नियम शेवटी सोयीसाठी मोडला का, ते बघा.

नव्या भागांतला एक तुमच्यासाठी मुद्दाम सुचवतो: 'डीमन्स ऑफ द पंजाब', लेखक विनय पटेल. डॉक्टरची सोबतीण, शेफील्डची यास्मिन खान आजीचं तारुण्य बघायला ऑगस्ट १९४७च्या पंजाबात जाते. आजी उम्ब्रीन मुसलमान, नवरदेव प्रेम हिंदू, आणि सरहद्दीची रेघ त्यांच्याच रानातून गेलेली. चित्रीकरण स्पेनमधलं आहे, ते अधूनमधून जाणवतं. प्रेमचा धाकटा भाऊ मनीष रेडिओ आणि पत्रकांनी पेटतो, ते मला घाईचं वाटलं. पन्नासेक मिनिटांत तेवढंच बसलं असणार. पण हा भाग ब्रिटनमध्ये लागला ११ नोव्हेंबर २०१८ला, रविवारी. त्याच दिवशी पहिलं महायुद्ध संपल्याला शंभर वर्षं झाली होती आणि तिथं सगळीकडं युद्धात गेलेल्या जवानांचं स्मरण चाललं होतं. अशा संध्याकाळी त्यांच्या पडद्यावर कोण येतो, तर ब्रिटिशांच्या बाजूनं दुसरं महायुद्ध लढून आलेला आणि स्वतःच्या शेतात, भावानं आणलेल्या जमावाकडून मरणारा हिंदुस्थानी शिपाई. ही तारीख माहीत नसेल तर निम्मा एपिसोड निसटतो.

फाळणी कोल्हापूरकराला लांबची वाटते. पण वळिवड्याच्या छावणीत आधी पोलंडचे निर्वासित होते, मग सिंधी आले आणि त्यांनीच गांधीनगरची कापडपेठ उभी केली. आमच्यातल्या एकाचं तिथं दुकान आहे. हा भाग बघून तो चिडला. त्याचं म्हणणं, एवढं सगळं असताना परग्रहावरची माणसं कशाला घुसडली? मला ते पटत नाही. हे परग्रहवासी आधी मारेकरी वाटतात, पण ते एकट्यानं मरणाऱ्यांच्या शेजारी साक्षीला उभे राहायला आलेले असतात. फाळणीत किती जणांच्या मरणाला घरचं कुणी नव्हतं! ते दाखवायला याहून साधी युक्ती मला तरी सुचत नाही. तो अजून ऐकत नाही. त्याचं मतही माझ्या लिखाणात जातं, कारण ते माझ्यापेक्षा जवळून आलेलं आहे.

आता जे भाग दिसतच नाहीत त्यांचं काय? बीबीसीनं साठच्या दशकातल्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या, फिल्मच्या प्रतीही मोडीत काढल्या. नव्वदहून जास्त भाग आजही गायब आहेत. प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर रेकॉर्डर धरला म्हणून त्यांचा आवाज तेवढा उरला. बाबूराव पेंटरांची १९२०ची 'सैरंध्री' इथंच बनली आणि आज बघायला मिळत नाही, हे माहीत असलेल्या गावाला यात नवल वाटू नये. पण न बघितलेल्यावर निकाल देताना जपा. 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' या गोष्टीचा बरीच वर्षं एकच, तिसरा भाग हाती होता, नेमका सर्वांत संथ. त्यावरून सगळी गोष्टच कंटाळवाणी ठरली. उरलेले भाग नायजेरियात सापडले आणि २०१३ साली लोकांसमोर आले. पॅट्रिक ट्रॉटनचा नायक आणि खलनायक असा डबल रोल अखंड दिसला आणि मत पार फिरलं. म्हणून पहिल्याच ओळीत लिहा, तुम्ही मूळ चित्र पाहिलं, उरलेल्या आवाजावर नंतर केलेलं ॲनिमेशन पाहिलं की नुसता आवाज ऐकला.

सुरुवात 'जेनेसिस'नं करा. दिवसाला एकच भाग, आणि पुढचा लावण्याआधी मागच्यावर लिहून टाका.