संगीतकाराला ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर संगीत सोडावं लागतं का?

नाही. जेरेमी बेग्बी बघा. जन्म १९५७, ब्रिटिश. पियानो, ओबो आणि वाद्यवृंदाचं संचालन शिकलेला माणूस धर्मशास्त्राकडे वळला, अँग्लिकन पाळक झाला, आता अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात शिकवतो आणि व्याख्यानात पियानोही वाजवतो. त्याच्या आधीचे ऑर्गनवादक आणि धर्मशास्त्रज्ञ अल्बर्ट श्वाइत्झर. १९०५ मध्ये संगीतकार बाखवर ग्रंथ, १९०६ मध्ये ऐतिहासिक येशूवर, आणि पुढे आफ्रिकेत दवाखाना काढला तेव्हा ऑर्गनचे पेडल लावलेला पियानोसुद्धा सोबत होता.

आता माझं. ठाण्यातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी एकोणीस वर्षांचा असल्यापासून पेटी वाजवतो. संडे स्कूलही माझ्याकडे होतं. कोपरीहून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "दादा, तीन देव की एक?" त्रैक्यावरचं, म्हणजे पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा असे तीन तरी देव एकच, हे पाठ केलेलं उत्तर देताना माझीच जीभ अडखळली. मग मी पेटीवर सा दाबला, तो धरून ग, मग प. विचारलं, "सा कुठे आहे?" पोरं म्हणाली, "सगळीकडे." "आणि ग?" "तोपण सगळीकडे." एकाने दुसऱ्याला बाजूला सारलं नव्हतं. बाकावर दोघं एका जागी बसू शकत नाहीत, सूर बसतात. पोरांना ते लगेच पटलं.

माझे मामा मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ. दारातून ऐकत होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "पेटीवर बोटं फिरतात म्हणून शास्त्र शिकवायला लागलास?" पुण्याला सेमिनरीत, म्हणजे धर्मशास्त्राच्या कॉलेजात, जायचं माझ्या मनात होतं. त्या वाक्यानंतर अर्ज भरलाच नाही.

बारा वर्षांनी बेग्बी वाचला. त्रैक्यासाठी तो हेच उदाहरण देतो: एकाच वेळी वाजणारे सूर, प्रत्येकाने सगळी जागा भरलेली, तरी वेगळे. त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंवरून विचार केला की तीन आणि एक यांचं भांडण लागतं, कानाने विचार केला की लागत नाही, आणि हे वाजवणाऱ्यालाच आधी कळतं. म्हणून तुम्ही अर्ज भरा. ग्रीक, हिब्रू या बायबलच्या मूळ भाषांचीही तयारी ठेवा. रियाज मात्र सोडू नका, घरातला कितीही मोठा माणूस सांगो.

एक राहिलं. ही उपमा एका जागी तुटते. नुसता सा म्हणजे पूर्ण मेळ नव्हे, पण पुत्र हा पूर्ण देव आहे. मामांनी हा मुद्दा काढला असता तर मी तिथेच ऐकून घेतलं असतं. त्यांनी तो काढला नाही. भाता बंद केला आणि पेटी उचलून आत नेली.