पेटीवाल्याचे कान आणि युद्धाच्या बातम्या

"मॅडम, जगात एवढं चाललंय आणि मी पेटी घेऊन यमन राग वाजवत बसू का?" असं माझ्याकडे सल्ल्याला येणारे बरेच जण विचारतात, म्हणजे पेटीच्या जागी ज्याचं त्याचं काम. हा विचारणारा पुण्यातला साथीदार, गायकांबरोबर पेटी वाजवतो, शिकवण्या घेतो. (त्याला विचारून लिहितेय, थोडे तपशील बदललेत.)

सुरुवात फेब्रुवारी 2022 ची. भाचा युक्रेनमधल्या खारकीव्हला मेडिकलला, 24 तारखेला रशियाने हल्ला केला आणि ह्याच्या कानात रात्रंदिवस इअरफोन. भाचा रोमानियाच्या बॉर्डरपर्यंत पोचला, ऑपरेशन गंगाच्या (भारतीयांना परत आणायची सरकारी मोहीम) विमानाने सुखरूप आला, पेढे वाटून झाले, इअरफोन मात्र तसेच राहिले. मग गाझा, मग अजून काही. आधी दाढी करताना जुनी रेकॉर्डिंग्ज लावायचा, आता तिथे अँकरची आरडाओरड, स्कूटरवर सुद्धा (त्यावर मी वेगळी रागावले). एका मैफलीत गायिकेने सुंदर जागा (म्हणजे सुरांचं छोटंसं देखणं वळण) घेतली, ती ह्याच्याकडे बघतेय की आता ती पेटीवर येईल, आणि ह्याला ती ऐकूच आली नव्हती. तेव्हा घाबरून आला माझ्याकडे.

मी आधी चूकच केली, आठवडाभर बातम्या बंद म्हटलं. चौथ्या दिवशी फोन, "पळपुट्यासारखं वाटतंय." बरोबरच होतं त्याचं. भाचा अडकला होता तेव्हा बातम्या ऐकणं हे कामच होतं ना, कुठून बाहेर पडता येतंय ते ऐकून बहिणीला कळवायचा. भाचा घरी आला पण ह्याची ड्युटी संपलीच नाही.

मग म्हटलं, बातम्या घे पण कानाने नको, डोळ्याने. संध्याकाळी वीस मिनिटं, वाचायच्या. आपण बातमीत काय सांगितलं तेवढं ऐकतो, ह्याला अँकर कुठल्या पट्टीत किंचाळतोय ते पण ऐकू येतं आणि तो सूर दिवसभर डोक्यात राहतो. सकाळी मोबाईल बघायच्या आधी तानपुरा, ॲपवरचा का असेना, दहा मिनिटं नुसता ऐकायचा. पेटीला हात लावायचा नाही. हे त्याला सगळ्यात जड गेलं.

महिन्याभराने आला. बातम्या वाचतो, वाईट वाटतं, झोप लागते म्हणाला. परवा परत त्याच गायिकेबरोबर बसला होता. मी विचारलं, जागा सापडल्या का?

"एक सुटली. पण सुटली ते कळलं."