नाटक, मालिका आणि तारखांचं गणित : वाचकांचे प्रश्न

अभिनय हाच व्यवसाय करायचं ठरवलेल्या मुलींची आणि त्यांच्या पालकांची ठाणे, नवी मुंबईतून आलेली काही पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : कॉलेजपासून एकांकिका करतेय. आता व्यावसायिक नाटकात भूमिका मिळाली आहे आणि घोडबंदर रोडवर चित्रीकरण असलेल्या एका दैनंदिन मालिकेतही निवड झाली आहे. दोन्ही जमेल का? (वाचक, कळवा)

उत्तर : जमतं. फक्त मालिकेच्या करारावर सही करण्याआधी नाटकाच्या तारखा लेखी मान्य करून घ्या. सहीनंतर मागितलेली सुट्टी ही समोरच्याची मेहेरबानी ठरते.

मालिकेची शिफ्ट साधारण 12 तासांची असते, सकाळी 7 ते संध्याकाळी 7 किंवा 9 ते 9. प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी. दुपारचा प्रयोग साडेचारचा असेल तर तीनपर्यंत नाट्यगृहात पोहोचायलाच हवं : मेकअप, केस, कपडेपट, प्रॉपर्टी (प्रयोगात हाताळायच्या वस्तू) स्वतः तपासणं आणि आवाज मोकळा करणं, यात दीड तास सहज जातो. म्हणजे दुपारच्या प्रयोगाच्या दिवशी शूट शक्यच नाही. रात्री साडेआठचा प्रयोग ठाण्यातच गडकरी रंगायतनला किंवा घाणेकर नाट्यगृहात असेल तर सकाळी 7 चा कॉल आणि 5 ला पॅक-अप मिळाल्यावर निभावतं. तोच प्रयोग वाशीला विष्णुदास भावेला किंवा दादरला असेल तर 4 ला सुटायला हवं, कारण शनिवारी संध्याकाळी घोडबंदर रोड कधी तुंबेल याचा नेम नसतो. तेव्हा करारात नुसतं ‘नाटकासाठी सहकार्य केले जाईल’ असं वाक्य असेल तर त्याचा उपयोग नाही. ‘प्रयोगाच्या रविवारी पूर्ण सुट्टी, रात्रीच्या प्रयोगाच्या शनिवारी 4 वाजता पॅक-अप’ असं स्पष्ट लिहून घ्या.

एवढं करूनही तारखा आदळतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा एपिसोडच्या बँकेत, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या भागांच्या साठ्यात असतं. बँक दोन-तीन एपिसोडवर आली आणि तुमच्याच पात्राचा ट्रॅक (कथाभाग) चालू असला, की ईपीच्या (कार्यकारी निर्मात्याच्या) हातात काही उरत नाही. यावर एक उपाय नक्की चालतो. नाटकाच्या सूत्रधाराकडून (प्रयोगांची व्यवस्था बघणाऱ्याकडून) पुढच्या महिन्याच्या तारखा मिळाल्या की त्याच दिवशी ईपीला मेल करा आणि व्हॉट्सअॅपवरही टाका. पटकथा लिहिली जाण्याआधी तारखा कळल्या तर त्या दिवसांचे सीन तुमच्याशिवाय लिहिता येतात. प्रयोगाला चार दिवस उरले असताना सांगितलंत तर ते कुणालाच शक्य नसतं.

आमचं मत विचाराल तर पहिल्याच वर्षी मालिकेची नायिका आणि व्यावसायिक नाटक एकत्र घेऊ नका. नायिकेला महिन्याचे बहुतेक दिवस सेटवर काढावे लागतात. महिन्याला 10-12 दिवसांची भूमिका आणि सोबत नाटक ही जोडी आवाजालाही झेपते. दिवसभर एसीत बसून रात्री दोन-अडीच तासांचा प्रयोग केला की घसा बसतो, आणि नाटकात रिटेक नाही.

प्रश्न : राज्य नाट्य स्पर्धेत काम केलं आहे, पण ऑडिशनला ‘ओव्हर होतंय’ असं ऐकावं लागतं. नेमकं काय बदलायचं? (वाचक, ऐरोली)

उत्तर : भावना कमी करायची नाही, तिचा आकार बदलायचा. रंगमंचावर बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेसाठी मान, खांदे, हात वापरावे लागतात. क्लोजअपमध्ये तीच मान दोन इंच हलली तरी चेहरा फ्रेमबाहेर जातो. माइक कपड्यातच लावलेला असतो, त्यामुळे आवाज फेकण्याची गरज नाही. समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तेवढाच ठेवा. पण पुटपुटू नका, नवीन मुली घाबरून नेमकं तेच करतात.

घरी सराव असा करा. फोन डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि एका पानाचा संवाद तीनदा रेकॉर्ड करा : एकदा पूर्ण आकृती, एकदा कमरेपासून वर, एकदा फक्त चेहरा. मग तिसरी क्लिप आवाज बंद करून बघा. भुवया प्रत्येक वाक्याला उडतायत का, पापण्या सारख्या मिटतायत का, संवाद नसताना चेहरा रिकामा पडतोय का, हे लगेच दिसतं. समोरच्या पात्राची ओळ ऐकताना तुमच्या डोळ्यांत काय होतं, कॅमेरा तेच शोधत असतो.

दुसरी अडचण कंटिन्युइटीची, म्हणजे एकाच सीनच्या वेगवेगळ्या शॉटमध्ये हालचाली जुळण्याची. मास्टर शॉटमध्ये (पूर्ण सीन एकत्र दिसतो त्या शॉटमध्ये) ‘मला माहीत होतं’ यातल्या ‘माहीत’वर उजव्या हाताने कप उचललात, तर क्लोजअपमध्येही त्याच शब्दावर, त्याच हाताने उचलायचा. नाही तर एडिटरला तो चांगला क्लोजअप टाकून द्यावा लागतो. म्हणून हालचाली मोजक्या ठेवा आणि शब्दाला बांधून घ्या.

सेल्फ टेप (स्वतः रेकॉर्ड केलेली ऑडिशन) पाठवताना फोन आडवा धरा (वेगळं सांगितलं नसेल तर), मागे साधी भिंत, उजेड समोरून. खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा पडतो. सुरुवातीला नाव, उंची, राहण्याचं ठिकाण, भाषा, मोकळ्या तारखा. मग डावी-उजवी बाजू दाखवा. समोरचे संवाद वाचणारी व्यक्ती लेन्सच्या अगदी शेजारी आणि तुमच्यापेक्षा हळू आवाजात वाचणारी असावी.

आणि मालिकेतून पुन्हा रंगमंचावर याल तेव्हा वाक्याच्या शेवटाकडे लक्ष द्या. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि कॅमेऱ्याच्या सवयीने नेमका तिथेच आवाज पडतो. प्रेक्षकाला ‘मी त्या घरात परत’ एवढंच ऐकू येतं. जाणार की नाही जाणार, ते विंगेतच राहतं. संहितेत श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणा करून पाठ करा, शेवटच्या शब्दापर्यंत श्वास पुरतो.

प्रश्न : पदवी लागते का? (वाचक, नेरूळ)

उत्तर : काम मिळायला लागत नाही, टिकायला मदत होते. मुंबई विद्यापीठाचा नाट्यविभाग कलिना संकुलात आहे, पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, निवासी आहे. तिथे कोणत्याही शाखेची पदवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात, म्हणून स्पर्धांची प्रमाणपत्रं आणि जाहिराती जपून ठेवा. रोहिणी हट्टंगडी याच विद्यालयाच्या. 1982 च्या ‘गांधी’मध्ये त्यांनी तिशीच्या आसपास असताना कस्तुरबांचं तरुणपणापासून वार्धक्यापर्यंतचं आयुष्य उभं केलं आणि त्या भूमिकेला बाफ्टा मिळालं. वय चालण्यातून आणि बसण्यातून कसं दाखवायचं, हे शिकायचं असेल तर ते काम पुन्हा पुन्हा बघा.

प्रश्न : पैसे कधी आणि कसे मिळतात? (वाचक, वागळे इस्टेट)

उत्तर : नाटकात ‘नाईट’ ठरते, म्हणजे प्रयोगागणिक मानधन, आणि पाकीट बहुधा त्याच दिवशी हातात पडतं. प्रयोग रद्द झाला तर नाईट नाही. मालिकेत मानधन दिवसावर ठरतं आणि 90 दिवसांच्या उधारीवर मिळतं : जूनमधल्या कामाचे पैसे सप्टेंबरच्या सुमारास. म्हणून पहिले तीन-चार महिने घरखर्च, रिक्षा-टॅक्सी आणि स्वतःचे कपडे यांची सोय आधी हवी. मानधनातून साधारण 10 टक्के टीडीएस कापला जातो. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. एका वहीत तारीख, कॉल टाइम, पॅक-अपची वेळ आणि सीन नंबर रोज लिहा. बिलातला एखादा दिवस गळला तर हाच पुरावा.

ऑडिशन, नोंदणी किंवा ‘कार्ड’साठी कुणी आधी पैसे मागितले तर तिथेच थांबा. कोऑर्डिनेटरचं (काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचं) कमिशन काम मिळाल्यावर मानधनातून जातं, आधी नाही.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीला मालिकेत घेतलं आहे. आम्ही काय बघावं? (वाचक, खारघर)

उत्तर : ताई, सगळ्यात आधी परवानगीचा कागद मागा. बालकलाकारासाठी निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेणं बंधनकारक आहे, आणि ती चित्रीकरण होतं त्या जिल्ह्याची लागते. तुम्ही राहता रायगड जिल्ह्यात. पण सेट घोडबंदरला असेल तर ठाण्याची हवी. नियमांनुसार मुलीला दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, 3 तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते आणि सलग 27 दिवसांपेक्षा जास्त काम चालत नाही. तिच्या कमाईतले किमान 20 टक्के तिच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत, त्या पावतीची प्रत मागून घ्या. आणि तिची स्वतःची तयारी नसेल तर तिच्याकडून काम करून घेता येत नाही, हेही नियमातच आहे. सेटवर येण्याची आणि निघण्याची वेळ तुम्ही स्वतः नोंदवा. उशीर होऊ लागला तर पहिल्याच दिवशी ईपीला सांगा.