रूपक की प्रतीक? पांढऱ्या देवमाशाच्या निमित्ताने

नाशिकच्या एका महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या विद्यार्थिनीने विचारले आहे, की हर्मन मेलव्हिल यांच्या १८५१ सालच्या ‘मोबी डिक’ या कादंबरीतला पांढरा देवमासा रूपक समजावा की प्रतीक. तिच्याकडच्या मार्गदर्शकात हे दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात एकमेकांऐवजी आले आहेत. हा घोळ त्या मार्गदर्शकापुरता नाही. व्याख्यानांत आणि पुस्तक-परीक्षणांत तो सतत आढळतो, आणि ‘प्रतीकात्मक उपोषण’ म्हणजे नावापुरते उपोषण असा अर्थ रूढ झाल्यापासून तर प्रतीक म्हणजे खऱ्याच्या जागी ठेवलेली पोकळ खूण, हा समज पक्का होत चालला आहे. तो त्या शब्दावर अन्याय करणारा आहे.

रूपकाविषयी थोडक्यात सांगता येते. उपमान (ज्याची उपमा द्यायची ते) आणि उपमेय (ज्याला ती द्यायची ते) यांचा अभेद म्हणजे रूपक, ही संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाची व्याख्या प्रसिद्ध आहे. हा अभेद कथाभर ताणला की रूपककथा होते. जॉन बन्यन यांच्या १६७८ सालच्या ज्या ग्रंथाचे ‘यात्रिक क्रमण’ हे मराठी भाषांतर हरि केशवजी यांनी १८४१ साली केले, त्यातल्या दलदलीचे नावच निराशेचे आहे. एकनाथांच्या भारुडातला विंचूही कामक्रोधाचा आहे, हे नाथ स्वतःच सांगून टाकतात. रूपककथेत एक वस्तू एका अर्थाला बांधलेली असते आणि अर्थ हाती आला की वस्तूचे काम संपते.

प्रतीकाची गोष्ट निराळी आहे. ‘प्रति’ आणि ‘अञ्च्’ यांपासून आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ आपल्याकडे वळलेली बाजू, म्हणजेच मुख. वेदात अग्नीला ‘घृतप्रतीक’ म्हटले आहे, ज्याचे मुख तुपाने उजळले आहे तो. मुखावरून आरंभ हा अर्थ आला, आणि ऋचेचे जे पहिले शब्द उद्धृत केले म्हणजे सबंध ऋचा समजायची, त्या शब्दांना प्रतीक म्हणू लागले. रामकुंडावर विधी सांगणाऱ्या पुरोहितांच्या हातातली प्रयोगाची, म्हणजे विधीचा क्रम देणारी, पोथी जवळून पाहावी. तिच्यात पुष्कळ ठिकाणी ‘इमं मे गङ्गे’ अशासारखे दोन-तीन शब्द आणि पुढे ‘इति’ एवढेच छापलेले असते. पुरोहित मात्र थांबत नाहीत, ते संपूर्ण मंत्र म्हणतात. ते दोन-तीन शब्द मंत्राच्या जागी ठेवलेली खूण नव्हेत, ते मंत्रच आहेत, त्याचा पुढे आलेला भाग आहेत. गाण्याच्या आरंभाला आपण ‘मुखडा’ म्हणतो, त्यामागेही हीच दृष्टी आहे, असे माझे ठाम मत आहे.

‘सिम्बॉल’साठी काहीतरी शब्द हवा म्हणून ‘प्रतीक’ सोयीने उचलला गेला, असे सांगणाऱ्या समीक्षकांशी म्हणूनच माझा तीव्र मतभेद आहे. त्यांनी अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश उघडला असता, तर ‘अङ्गं प्रतीकोऽवयवः’, म्हणजे प्रतीक हा अवयवाचाच पर्याय, ही ओळ त्यांना शरीरावयवांच्या नामावलीतच सापडली असती. ग्रीक ‘सिम्बोलोन’ हासुद्धा मोडून दोघांनी वाटून घेतलेल्या एकाच वस्तूचा तुकडा असे; अंग आणि तुकडा यांचे नाते इतके जवळचे असताना या निवडीला निव्वळ सोय म्हणणे उथळपणाचे आहे. ब्रह्मसूत्र या वेदान्तग्रंथातले ‘न प्रतीके न हि सः’ (प्रतीकात नव्हे, कारण तो ते नव्हे) पुढे करून, प्रतीक हे मूळ वस्तूहून वेगळेच असते, असा युक्तिवाद काही वेदान्ताभ्यासक करतात. पण तिथे प्रश्न उपासकाने प्रतीकाला स्वतःचा आत्मा मानावे की नाही, हा आहे. शब्दाचा वैदिक अर्थ त्या सूत्राने पुसला जात नाही.

आता अवयव हा अर्थ धरून ती कादंबरी वाचावी. देवमाशाने त्याचा सूडाने पाठलाग करणाऱ्या जहाजाच्या कप्तान एहॅबचा पाय तोडला आहे, आणि त्या जागी त्याने बसवलेला पाय देवमाशाच्याच जबड्याच्या हाडाचा आहे. ज्याचा सूड घ्यायचा, तो जीव शरीराचा अवयव होऊन डेकवर खटखटत त्याच्याबरोबर चालतो. ‘देवमासा म्हणजे दैव’ किंवा ‘देवमासा म्हणजे दुष्टता’ असे एकेरी समीकरण मांडले, की हा पाय कुठेच बसत नाही.

नव्व्याण्णवाव्या प्रकरणातले सोन्याचे नाणेही असेच आहे. देवमासा प्रथम दिसेल त्याला बक्षीस म्हणून एहॅबने डोलकाठीवर ठोकलेल्या त्या इक्वेडोरच्या नाण्यावर तीन शिखरे आहेत. एहॅबला त्या तिन्हींत स्वतःच दिसतो, जहाजावरचा अधिकारी स्टारबक याला ख्रिस्ती त्रैक्य दिसते, दुसरा एक अधिकारी फ्लास्क त्यातून येणाऱ्या ९६० चिरुटांचा हिशेब करतो, आणि पिप हा पोर ‘मी पाहतो, तू पाहतोस, तो पाहतो’ असे क्रियापद चालवतो. नाणे एकच राहते आणि प्रत्येक जण आपापला उरलेला मंत्र म्हणतो.

पंचेचाळिसाव्या प्रकरणात तर निवेदकाने, कुणी मोबी डिकला भयंकर कल्पितकथा किंवा त्याहून वाईट म्हणजे असह्य रूपककथा समजू नये, अशी चिंता उघड बोलून दाखवली आहे आणि त्यासाठीच देवमाशांच्या शिकारीतल्या खऱ्या घटनांचे दाखले दिले आहेत. तेव्हा त्या विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत ‘प्रतीक’ लिहावे, त्यापुढे ‘म्हणजे’ घालून एकच अर्थ देण्याचे टाळावे, आणि जागा उरली तर हाडाच्या पायाचा उल्लेख अवश्य करावा.